दामाजीचा दुष्काळ आणि सागाची वलये

किल्लारीच्या भूकंपानंतर औसा तालुक्यातल्या त्या गावाजवळ शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल विंधन घेतले. वरचे ३३८ मीटर नुसता काळा पाषाण लागला, एकावर एक साचत गेलेले लाव्हाचे थर. त्याखाली आठेक मीटर गाळ आणि मग थेट अब्जावधी वर्षांपूर्वीचा पायाचा खडक. लातूरचा शेतकरी ज्या काळ्या रानात तूर आणि सोयाबीन पेरतो ते रान या पाषाणाचीच झीज होऊन तयार झालेले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून हा लाव्हा पुन्हा पुन्हा उसळला. त्यातले काही लोट पश्चिम घाटाच्या बाजूने निघून हजारेक किलोमीटर वाहत आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत गेले, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. नांदेड जिल्ह्यात मात्र या थराचा शेवट जवळ येतो. देगलूर-बिलोलीकडे निघाले की काळा पाषाण मागे पडतो आणि ग्रॅनाइटचे गोल गरगरीत धोंडे दिसू लागतात. ही सीमा ध्यानात ठेवायला हवी, पुढे तिचे काम पडणार आहे.

तो ज्वालामुखी माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधी थंड झाला. मराठवाड्यातल्या माणसाला ज्वालामुखीची झळ लागली असलीच, तर ती हजारो किलोमीटर दूरच्या, नावही न ऐकलेल्या डोंगरांची. आणि ती आगीची नव्हे, पावसाने दिलेल्या ओढीची.

त्यामागचे गणित असे. मोठ्या स्फोटात गंधकाचा वायू ढगांच्याही वर, वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर जातो. तिथे त्याचे गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब होतात आणि वर्ष-दोन वर्षे पृथ्वीभोवती तरंगत सूर्याची काही उष्णता परत पाठवतात. फिलिपिन्समधला पिनाटुबो जून १९९१ मध्ये फुटला, तेव्हा पुढच्या वर्षी साऱ्या जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. आपला मोसमी पाऊस तर जमीन तापण्यावरच उभा आहे. वैशाखात दख्खन आणि उत्तर भारत भाजून निघतात, समुद्र त्या मानाने थंड राहतो, म्हणून वारे समुद्राकडून आत वळतात. जमीन पुरेशी तापलीच नाही, तर वाऱ्यांचा जोर कमी पडतो. स्फोट इंडोनेशियात आणि कोरडा श्रावण मांजरेच्या काठी, हे म्हणून अशक्य नाही.

अशक्य नाही, पण घडले होते का? इथून इतिहासाचे काम सुरू होते.

मराठी मुलखाने जुन्या दुष्काळांना माणसांची आणि देवतांची नावे देऊन ठेवली आहेत. १३९६ च्या सुमारास सुरू होऊन बारा वर्षे चालला असे सांगतात तो दुर्गादेवीचा दुष्काळ. त्यानंतरचा दामाजीपंतांचा. दामाजीपंत मंगळवेढ्याचे अंमलदार, बिदरच्या बहमनी सुलतानाचे नोकर. लोक अन्नान्न करू लागले तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे खुली केली, बिदरहून पकडण्याचा हुकूम सुटला आणि साक्षात विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात धान्याची किंमत भरली, ही कथा कीर्तनातून घरोघरी पोहोचली आहे. कथेची जागा सोलापूरकडची असली तरी सत्ता बिदरची होती आणि बिदर म्हणजे उदगीरच्या शेजारचेच. लातूर, उदगीर, कंधार, नांदेड हा सगळा पट्टा त्याच अमलाखाली होता. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरांनी हा दुष्काळ १४६० चा धरला आहे.

आता दुसरीकडे, ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका. तिथे दरवर्षी पडणारा बर्फ थरावर थर साचत राहतो आणि आकाशातून उतरलेले गंधकाम्ल त्या त्या वर्षाच्या थरात अडकून बसते. दोन्ही ध्रुवांच्या बर्फात पंधराव्या शतकाच्या मध्यावर गंधकाची एक मोठी खूण सापडते. बरीच वर्षे ती १४५२-५३ ची आणि प्रशांत महासागरातल्या वानुआतू बेटांजवळच्या कुवाए या ज्वालामुखीची मानली जात होती. बर्फाच्या थरांची मोजणी नव्याने झाली तेव्हा मोठी खूण १४५८ वर आली, तिच्याआधी काही वर्षे एक लहान खूण वेगळी निघाली आणि कुवाएचा दावाही डळमळला, कारण बर्फात मिळालेल्या काचेच्या कणांचे रसायन कुवाएच्या खडकाशी जुळेना. फुटले ते नेमके काय, यावर वाद चालू आहे. १४५८ च्या सुमारास कुठेतरी प्रचंड मोठे काही फुटले, एवढे मात्र पक्के.

१४५८ मध्ये स्फोट आणि १४६० ला बिदरच्या राज्यात दुष्काळ. ही जोडी इतकी सहज जुळते की हात आखडता घेतलेलाच बरा. दामाजींची जी कथा आपण ओळखतो, ती महिपतीच्या ‘भक्तविजया’त १७६२ साली आली, म्हणजे घटनेनंतर तीन शतकांनी. संतचरित्रकाराला विठ्ठलाची कृपा सांगायची असते, पर्जन्यमान नव्हे. दुष्काळाची साले सांगणाऱ्यांतही एकवाक्यता नाही. शिवाय प्रत्येक दुष्काळामागे ज्वालामुखी शोधणे हा वेडेपणाच. १८७६ ते ७८ चा महादुष्काळ दख्खनने भोगला, तो प्रशांत महासागरातल्या एल निन्योमुळे. क्राकाटोआ फुटला १८८३ मध्ये, सगळे संपल्यावर. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली निम्मी माणसे खडी फोडायला गेली असे जुने लोक सांगतात, त्यातही कुठल्या ज्वालामुखीचा हात नव्हता. ज्वालामुखीचे दुष्काळ आणि इतर दुष्काळ वेगळे काढायचे तर असा साक्षीदार हवा, जो त्या वर्षी तिथेच उभा होता आणि ज्याने वर्षावर्षाची नोंद ठेवली.

तो म्हणजे झाड.

झाडाच्या बुंध्यात दरवर्षी एक वलय वाढते, हे शाळेतच शिकवले जाते. त्या वलयांचे शास्त्र केले ते अमेरिकेतल्या ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने. त्याला खरे तर सूर्यावरच्या डागांचे चक्र शोधायचे होते. १९३७ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉन इथे त्याने वृक्षवलयांची प्रयोगशाळा उभी केली. अरुंद-रुंद वलयांचा क्रम एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जुळवत मागे मागे जायचे, जिवंत झाडाकडून जुन्या घराच्या तुळईकडे आणि तिथून थडग्यातल्या लाकडाकडे, ही त्याची युक्ती. १९८४ मध्ये लामार्श आणि हर्शबेक या दोघांनी दाखवले की अमेरिकेतल्या उंच डोंगरांवरच्या ब्रिसलकोन पाइन झाडांत काही वलयांना ऐन उन्हाळ्यात हिमबाधा झालेली आहे आणि त्यातली बरीच वर्षे मोठ्या स्फोटांशी जुळतात. मराठवाड्याला या पद्धतीचा उपयोग शून्य. इथे जूनमध्ये हिम पडायची वाट पाहणाऱ्याला गावकरी वेड्यात काढतील.

दुसरी वाट रसायनाची. वलय किती रुंद आहे हे बाजूला ठेवायचे आणि त्यात काय साठले आहे ते पाहायचे. ज्वालामुखीचे गंधकाम्ल पावसाबरोबर मातीत उतरते. आम्ल मातीतला कॅल्शियम सोडवून धुऊन नेते आणि ॲल्युमिनियम, मँगनीज असे धातू मोकळे करते. मुळे जे मिळेल ते ओढतात आणि त्या वर्षाच्या लाकडात ते बसते. लाकडाच्या पट्टीवर क्ष-किरण सोडले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत देते. त्यामुळे पट्टी न जाळता, न कापता वर्षावर्षाची रासायनिक नोंद वाचता येते. जिथे याहून बारकाई हवी तिथे लेसरने लाकडाचा कण उडवून त्यातल्या अणूंचे वस्तुमान मोजतात.

या पद्धतीचे सगळ्यात गाजलेले उदाहरण तुर्कस्तानातले. गॉर्डियन इथे मायडस राजाच्या नावाने ओळखला जाणारा एक मोठा थडग्याचा ढिगारा आहे. त्यातली लाकडी खोली इसवी सनापूर्वी आठव्या शतकातली आणि तिला वापरलेली जुनिपरची झाडे त्याहून कितीतरी जुनी. टूसॉनच्याच प्रयोगशाळेतल्या शार्लट पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॉर्डियनच्या जुनिपरची वलये आधी किरणोत्सारी कार्बनच्या चढउतारावरून जागेवर बसवली आणि मग क्ष-किरणांखाली धरली. इसवी सनापूर्वी १५६० च्या आसपास कॅल्शियममध्ये एक विचित्र बदल दिसला. ग्रीसजवळचा सँटोरिनी फुटला त्याची ही खूण असेल काय, असा प्रश्न त्यांनी २०२० मध्ये मांडला आणि त्याच लेखात आणखी नमुने तपासल्याशिवाय खात्री धरू नये असेही लिहिले. सँटोरिनीच्या सालावरून पुरातत्त्वज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ यांच्यात गेली कित्येक दशके भांडण आहे आणि एका झाडाच्या सांगण्याने ते मिटणारे नाही. त्या सुमारास आपल्याकडे गोदावरीच्या खोऱ्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला, माळवा संस्कृतीची माणसे मातीची घरे बांधून राहत होती.

वलयांची साले पक्की करायला अलीकडे एक अजब खुंटी मिळाली आहे. जपानच्या फुसा मियाके यांना २०१२ मध्ये जपानी सुगी वृक्षांत दिसले की ७७४-७७५ या एका वर्षात किरणोत्सारी कार्बन एकदम उसळला होता. कारण बहुधा सूर्यावरचे वादळ. ती उसळी जगभरच्या झाडांत आहे, त्यामुळे कुठल्याही लाकडात ते वलय सापडले की पुढे सालीपर्यंत मोजत जायचे आणि झाड मेले ते वर्ष हाती येते. आइसलंडमध्ये कात्ला ज्वालामुखीच्या पुरात बुडालेले बर्चचे जंगल असे मोजले, तेव्हा ते ८२२ च्या शरदानंतर आणि ८२३ च्या वसंताआधी मेल्याचे निघाले. चीन आणि उत्तर कोरियाच्या सीमेवरच्या पेक्तू पर्वताचा महास्फोट तसाच ९४६ वर येऊन बसला. मराठवाड्याच्या हिशेबात ही साले परकी नाहीत. वेरूळचे कैलास लेणे ज्याच्या काळात कोरले गेले त्या कृष्ण पहिल्याची कारकीर्द ७७४ च्या सुमाराला संपते, म्हणजे कार्बनची ती उसळी आली तेव्हा राष्ट्रकूटांच्या घरात गादी बदलत होती. पेक्तू फुटला तेव्हा कृष्ण तिसरा राज्यावर होता, ज्याचे नाव कंधारशी जोडलेले आहे. आणि हे घराणे स्वतःला लट्टलूरपुराचे स्वामी म्हणवत असे, ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर. त्या काळातले एखादे सागाचे खोड गाळात गाडलेले सापडले, तर त्यातही ७७५ चे वलय असेलच. सूर्याने मराठवाड्याला वगळलेले नाही.

पण मूलद्रव्यांची पद्धत इथे चालेल का? इथे पहिल्या परिच्छेदातली सीमा कामाला येते. काळ्या रानात चुन्याचा भरणा असतो. नांगरताना चुनखडीचे पांढरे खडे वर येतात ते याच मातीतले आणि माती स्वभावाने आम्लाच्या उलट, अल्कधर्मी. दूरदेशीचे गंधकाम्ल पावसातून आले तरी असल्या जमिनीत ते जागच्या जागी मरते, मुळांपर्यंत त्याचा निरोपच पोहोचत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीने दिलेली माती पंधराव्या शतकातल्या ज्वालामुखीचा माग पुसून टाकते, असा हा प्रकार. लातूरच्या झाडांकडून या बाबतीत फारशी आशा धरू नये. देगलूर-बिलोलीकडची ग्रॅनाइटवरची हलकी, रेताड जमीन आम्लाला त्या मानाने कमी विरोध करील, तेव्हा कॅल्शियमची चोरी शोधायचीच असेल तर नांदेडच्या पूर्वेला शोधावी.

सागाची स्वतःचीही खोड आहे. त्याच्या लाकडाच्या नळ्यांमध्ये कॅल्शियम फॉस्फेटचे पांढरे साठे आपोआप धरतात. सुतारांच्या हत्याराची धार सागाला लवकर बोथट होते ती लाकडातल्या वाळूसारख्या सिलिकामुळे. असल्या लाकडात कॅल्शियमचा आकडा वर-खाली झाला की ते ज्वालामुखीने केले की झाडानेच, हे सांगणे कठीण. शिवाय काही मूलद्रव्ये वलयात बसल्यावरही स्वस्थ बसत नाहीत, बाहेरच्या कच्च्या लाकडातून आतल्या पक्क्या गाभ्याकडे सरकतात. मग १४५८ ची नोंद १४५० च्या वलयात सापडायची.

सागाकडून साक्ष घ्यायची तर ती धातूंची घेण्यापेक्षा पावसाची घ्यावी आणि त्याचे रसायन वेगळे आहे. पाण्यातल्या ऑक्सिजनचे एक हलके आणि एक जड रूप असते. धो धो पाऊस पडतो तेव्हा पावसात जड ऑक्सिजनचे प्रमाण घटते. पावसाने ओढ दिली, हवा कोरडी झाली की पानातून हलके पाणी आधी उडते आणि मागे जड ऑक्सिजन वाढतो. झाड त्याच पाण्यापासून लाकडातला सेल्युलोज बनवते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले आर. रमेश, श्रेयस मानगावे आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले एच. पी. बोरगावकर यांनी सहकाऱ्यांबरोबर मध्य भारतातल्या सागाचे एकेक वलय बारीक तुकड्यांत कापून तपासले. २०१० मध्ये त्यांनी दाखवले की वर्षाचा एकूण पाऊसच काय, त्या पावसाळ्यात मधे पडलेला खंडही ओळखता येतो. मृगात पेरले, आर्द्रा कोरडी गेली, असे आपल्याकडचा शेतकरी ज्या तपशिलाने बोलतो तसा तपशील लाकडातून मिळू शकतो. नुसत्या वलयाच्या रुंदीला हे जमत नाही. अरुंद वलय दुष्काळाचे असेल, वणव्याचे असेल किंवा त्या साली पाने खाणाऱ्या अळीने सागाची चाळण केली असेल त्याचेही असेल.

सागावर हे काम होऊ शकते याची एक सुरुवातीची चाचपणी महाराष्ट्रातही झाली. उष्ण प्रदेशातल्या झाडांची वलये भरवशाची नसतात असा समज होता आणि बहुतेक झाडांबाबत तो खराही आहे. आंबा, कडुनिंब यांच्याकडून वर्षांचा हिशेब मागणे कठीण. साग मात्र उन्हाळ्यात पाने टाकतो, वाढ थांबवतो आणि पावसाबरोबर मोठ्या छिद्रांची नवी ओळ काढतो, त्यामुळे वर्षाची हद्द डोळ्यांना दिसते. पुण्याच्या त्याच संस्थेतल्या जी. बी. पंत आणि बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाण्याच्या जंगलातल्या सागावर निबंध लिहिला. पुढे बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या सागाची ५२३ वर्षांची मालिका बांधली. त्या मालिकेत एल निन्योच्या दुष्काळांची अरुंद वलये स्पष्ट दिसतात. ती सुरू होते १४८१ मध्ये. दामाजींचा दुष्काळ एकवीस वर्षांनी हुकला.

एडवर्ड कुक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आशियातल्या तीनशेहून अधिक ठिकाणच्या वलयांवरून मोसमी प्रदेशाचा दुष्काळ-नकाशा केला. त्याच नकाशावर केव्हिन अँचुकायटिस यांनी ज्वालामुखींची साले लावून पाहिली, तर निकाल उलटासुलटा निघाला: स्फोटानंतर मध्य आशिया कोरडा पडतो, आग्नेय आशियाची मुख्यभूमी मात्र उलट ओली होते. संगणकाची प्रारूपे बहुतेक सगळीकडे दुष्काळच सांगत होती. ‘ज्वालामुखी फुटला म्हणून पाऊस गेला’ हे वाक्य किल्लारीच्या माणसासाठी खरे आणि ब्रह्मदेशातल्या माणसासाठी खोटे असू शकते, म्हणून परक्या मुलखातल्या झाडांवर भागत नाही. लाकूड इथलेच हवे.

ते कुठून आणायचे? लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही. नांदेडचे जंगल म्हणजे किनवट-माहूरचे सागवान. किनवट १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. साग चांगला, पण जुना म्हणावा असा नाही. वनखात्याच्या कूपतोडीने दीड-दोनशे वर्षांत म्हातारी झाडे गेली, बुंध्यापासून फुटलेली नवी उभी राहिली. पाचशे वर्षांचा साग किनवटला शोधत फिरण्यात अर्थ नाही.

जुना साग आहे तो घरात. लातूर-धाराशिवकडच्या जुन्या घराला खण म्हणतात: लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, फळ्या आणि सगळ्यावर हात-दोन हात पांढऱ्या मातीचे माळवद. दगडाच्या जाडजूड भिंती त्याभोवती नुसत्या रचलेल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच भिंती आणि माती अंगावर येऊन हजारो माणसे गेली. अनेक घरांत भिंती ढासळल्या आणि लाकडी खण उभाच राहिला, हे अभियंत्यांनी नंतर नोंदवून ठेवले आहे. बावन्न गावे नव्या जागी बसवली गेली. काँक्रीटची घरे आली तशी जुनी तुळई निरुपयोगी ठरली. भूकंप न झालेल्या गावांतही वाडे उतरवले जातात तेव्हा खांब आणि तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, तिथे चिरून, रंधून त्यांची दारे-खिडक्या होतात.

युरोपात वलयांची मालिका बांधली ती अशाच लाकडावर, चर्चच्या छपरांच्या आणि जुन्या शेतघरांच्या तुळयांवर. पेन्सिलीएवढ्या जाडीचा तुकडा पोकळ गिरमिटाने काढून घेतला की पुरते, तुळईला धक्का लागत नाही. इथे अडचण एकच. मराठवाड्यातला सुतार लाकूड चौरस करताना साल आणि सालीलगतचे पांढरे कच्चे लाकूड आधी काढून टाकतो, कारण वाळवी तेवढेच खाते. त्यामुळे झाड कोणत्या वर्षी तोडले ते अशा खांबावरून नेमके कळत नाही. दामाजींच्या दुष्काळासाठी मात्र ते कळण्याची गरजही नाही. केरळच्या मालिकेच्या मागे जायला १६०० च्या सुमारास तोडलेला दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा साग पुरतो आणि सुताराने काढून टाकली ती शेवटची, बाहेरची वलये. १४५८ असेल ते आत, गाभ्याजवळ.